आत येतानाची रँक, बाहेर पडतानाची रँक: प्रकल्प नोंदी

१९ ऑगस्ट २०२५, मंगळवार

नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएस प्रवेशाच्या परीक्षेचा, निकाल आज लागला. पाठोपाठ डीन ऑफिसचा मेसेज: ‘आपल्या कॉलेजचा निकाल इतर कॉलेजांच्या तुलनेत कसा आहे, एक पान, उद्या दुपारपर्यंत.’

मी मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) विभागात स्टॅटिस्टिशियन आहे. डॉक्टर नाही. या इमारतीत माझ्याकडे माणसं दोनच कामांसाठी येतात. एक, थिसिसचा सॅम्पल साइज काढून द्या. दोन, पी व्हॅल्यू ०.०६ आलीय, म्हणजे हवी त्यापेक्षा जराशी जास्त, काही करता येईल का. आजचं काम तिसरं आहे, आणि ते एका पानात होणार नाही असं आत्ताच दिसतंय. म्हणून ही वही सुरू करतेय.

२० ऑगस्ट, बुधवार

निकालाची पीडीएफ उघडली. त्यात क्रमांक, गुण आणि रँक. एमबीबीएस कुठून केलं हा रकानाच नाही. म्हणजे दरवर्षी ‘अमुक कॉलेजचा निकाल तमुक टक्के’ म्हणून जे फिरतं, ते त्या त्या कॉलेजने आपल्या मुलांना फोन करून, बॅचच्या ग्रुपवर विचारून गोळा केलेलं असतं. ग्रुपवर रँक कोण टाकतं? ज्याला पेढे वाटायचे असतात तो. ज्याची रँक दीड लाखाच्या पुढे गेली तो दोन दिवस फोनच उचलत नाही.

डीन ऑफिसला कळवलं, उद्या दुपारपर्यंत होणार नाही. उत्तर आलं, ‘मग टॉप टेनची तरी यादी द्या, फ्लेक्सवाला थांबलाय.’

२२ ऑगस्ट, शुक्रवार

फ्लेक्स लागला, गेटच्या उजव्या बाजूला. त्यातला एक चेहरा मी स्टँडजवळच्या कोचिंगच्या फ्लेक्सवर पाहिला होता, आणि तोच चेहरा त्याच्या अकरावी-बारावीच्या कॉलेजनेही स्टेटसला लावलाय. एक मुलगा, तीन दावेदार. आईवडिलांनी फ्लेक्स लावला नाही म्हणून तीनच.

आमचा प्रश्न नेमका तोच आहे. त्या मुलाच्या रँकमध्ये आमच्या कॉलेजचा वाटा किती?

२५ ऑगस्ट, सोमवार

खऱ्या आकड्यांना हात लावण्याआधी खोटे आकडे. कॉम्प्युटरवर ५०० मुलं तयार केली. प्रत्येकाला एक ‘तयारी’ दिली. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत तयारी अधिक त्या दिवसाचं नशीब अशा गुणांनुसार वरची २५० कॉलेज ‘अ’मध्ये गेली, उरलेली ‘ब’मध्ये. साडेपाच वर्षांनी पुन्हा परीक्षा. या वेळचा गुण म्हणजे तीच तयारी अधिक या दिवसाचं नवं नशीब. कॉलेजचा वाटा मी मुद्दाम शून्य ठेवला. ‘अ’मध्ये शिकवलं काय, ‘ब’मध्ये शिकवलं काय, फरक नाही.

मग निकाल लावला. पहिल्या ५० मध्ये बहुतेक सगळी ‘अ’ची. शून्य वाटा असलेल्या कॉलेजचा फ्लेक्स तयार!

एचओडी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग सोपं आहे. आत येतानाची रँक आणि बाहेर पडतानाची रँक यांची वजाबाकी कर. कोणी किती पुढे नेलं ते कळेल.” ऐकायला बरोबर वाटतं. खोट्या मुलांवर तेही करून पाहिलं. ‘अ’ सरासरीने खाली घसरलं, ‘ब’ वर चढलं, आणि कॉलेजचा वाटा दोन्हीकडे शून्यच होता. वरची मुलं वर होती ती थोडी तयारीने, थोडी त्या दिवशीच्या नशिबाने. दुसऱ्या वेळी तेच नशीब पुन्हा साथ देत नाही, म्हणून ती सरासरीकडे सरकतात. खालची तशीच वर येतात.

शिवाय दोन्ही रँका वेगवेगळ्या गर्दीतल्या. २०१९ ची नीट-यूजी, म्हणजे एमबीबीएस प्रवेशाची परीक्षा, १४ लाखांवर मुलांनी दिली. पीजीला बसतात ते फक्त एमबीबीएस झालेले. यूजीला ३० हजारावी रँक आणि पीजीला ३० हजारावी रँक यांची वजाबाकी शून्य येते, पण दुसरा ३० हजारावा हा निवडलेल्यांमधला ३० हजारावा आहे.

मॅडम म्हणाल्या, “म्हणजे फ्लेक्स लावला तर मोठं कॉलेज जिंकतं, वजाबाकी केली तर लहान.” हो. आणि दोन्ही ठिकाणी कॉलेजने काहीच केलेलं नाही.

२७ ऑगस्ट

गणपती. सुट्टी. लॅपटॉप उघडला नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

मोजायचं काय, हे आज ठरवलं. तीन पर्याय होते.

‘पात्र झाले किती टक्के’ हा पहिला, आणि तो लगेच बाद. २०२३ साली रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेचा पर्सेंटाइल सगळ्या प्रवर्गांना शून्यावर आणला होता. शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. त्या वर्षी देशातल्या झाडून सगळ्या मेडिकल कॉलेजांचा निकाल शंभर टक्के!

दुसरा, रँक. गंमत अशी की पेपर २०० प्रश्नांचा, बरोबरला ४ गुण, चुकलं की वजा १. म्हणजे गुण उणे २०० ते ८०० मध्येच कुठेतरी असणार, एकूण साधारण १००० आकडे. परीक्षार्थी सव्वादोन लाखांहून जास्त. सरसकट वाटले तरी एकेका गुणावर सव्वादोनशे माणसं उभी, आणि मधल्या भागात त्याहून कितीतरी जास्त, कारण गर्दी तिथेच असते. एक प्रश्न चुकण्याऐवजी बरोबर आला तर ५ गुणांचा फरक पडतो. मधल्या गर्दीत तेवढ्यावर माणूस हजारोंना मागे टाकतो, अगदी वरच्या टोकाला मूठभरांना. सरासरी रँक काढणं म्हणजे कुठे ताणलेलं, कुठे आखडलेलं रबर घेऊन कापड मोजणं.

तिसरा, गुण. गुण घेणार. यंदा ३ ऑगस्टला एकाच शिफ्टमध्ये पेपर झाला, तोही सुप्रीम कोर्टाने मे महिन्यात सांगितलं म्हणून. त्यामुळे सगळ्यांचे गुण एकाच पेपरचे आहेत. २०२४ ला दोन शिफ्ट होत्या, नॉर्मलायझेशन होतं, म्हणजे दोन पेपरांचे गुण एका पट्टीवर आणले होते. ते वर्ष यात मिसळायचं नाही. २०१८ ते २०२० मध्ये तर ३०० प्रश्न आणि १२०० गुण होते. जुनी वर्षं जोडून सॅम्पल मोठा करायचा मोह इथेच संपला.

९ सप्टेंबर, मंगळवार

दुसऱ्यांनी हे कसं केलंय ते वाचलं. ब्रिटनमध्ये २००८ साली एमआरसीपी या डॉक्टरांच्या पदव्युत्तर परीक्षेवर मोठा अभ्यास झाला होता. तिथे ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि न्यूकासलचे पदवीधर सरासरीच्या वर, लिव्हरपूल, डंडी, बेलफास्ट, ॲबर्डीनचे खाली. विद्यार्थी कॉलेजाच्या आत, असं एकात एक बसवून हिशोब केला होता. आणि तिथेही पहिली शंका हीच: हा फरक शिकवण्याचा, की मुळात कोणती मुलं तिथे गेली त्याचा? फरकाचा मोठा भाग प्रवेशाच्या वेळच्या गुणवत्तेशी जोडलेला निघाला.

आपल्याला एक सोय आहे जी पूर्वी नव्हती. गेटवर सगळ्यांचा आकडा एकाच परीक्षेचा आहे. एकेकाळी प्रत्येक संस्थेचं दार वेगळं. सेवाग्रामला प्रवेशासाठी गांधी विचारांचा स्वतंत्र पेपर असायचा. तिथल्या मुलाची तुलना जेजेतल्या मुलाशी कशावर करणार? आता नीट-यूजी आहे. फक्त २०१९ च्या बॅचसाठी एम्स आणि जिपमर सोडून द्यावे लागतील, त्यांची स्वतंत्र परीक्षा त्या वर्षापर्यंत चालू होती.

१७ सप्टेंबर, बुधवार

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन करून आले, आणि ग्राउंडवर उभी असतानाच ही गोष्ट डोक्यात आली. आठवडाभर शोधत होते ती.

७०:३०.

२०१९ पर्यंत राज्याच्या कोट्यातल्या एमबीबीएस जागांना प्रादेशिक आरक्षण होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. ७० टक्के जागा त्या भागात बारावी केलेल्यांना, ३० टक्के सगळ्या राज्यासाठी खुल्या. मराठवाड्यात कॉलेजं कमी, लातूर-नांदेडच्या क्लासमुळे मुलं भरपूर, त्यामुळे इकडचा कट-ऑफ चढा. आमच्याकडच्या पालकांची वर्षानुवर्षं हीच तक्रार होती, की याच गुणांवर पुण्याकडच्या मुलाला सरकारी सीट मिळते, आमच्या पोराला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली.

म्हणजे २०१९ च्या बॅचमध्ये असे दोन विद्यार्थी सापडतील ज्यांचा नीट-यूजीचा गुण सारखा, प्रवर्ग सारखा, पण एक पुण्याच्या बीजेत आणि दुसरा अंबाजोगाईत किंवा यवतमाळात. त्यांनी निवडलं म्हणून नव्हे, बारावी कुठे केली म्हणून. गेटवर दोघं बरोबरीत. तिथून पुढे साडेपाच वर्षांत जो फरक पडला, त्याला कॉलेजचा म्हणण्याजोगं काहीतरी आहे.

आणि योग बघा. २०१९ ची बॅच ऑगस्ट २०१९ ला आत आली. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप. ३१ जुलै २०२५ पर्यंत इंटर्नशिप संपवणारे यंदाच्या परीक्षेला पात्र. ७०:३० ची शेवटची बॅच, पहिला अटेम्प्ट, आणि नेमकं एका शिफ्टचं वर्ष.

सुट्टी असून दुपारभर विभागात बसले. शिपाई मामांनी दोनदा दार उघडून पाहिलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल जरा हवेत होते. आज खाली आले.

अडचण पहिली. लातूर पॅटर्नचा, म्हणजे तिथल्या क्लासच्या तालमीतला, ६०० गुणांचा मुलगा आणि मुंबईचा ६०० गुणांचा मुलगा सारखाच का धरायचा? एकाने दोन वर्षं फक्त एमसीक्यू घासलेत, दुसऱ्याने कदाचित नाही. ही घासायची सवय पीजीलाही उपयोगी पडते. म्हणजे प्रदेश हा नुसता कॉलेज ठरवत नाही, मुलगाही घडवतो.

दुसरी. २०१९ सालीच आर्थिक दुर्बलांसाठी जागा वाढल्या. काही मोठ्या सरकारी कॉलेजांची क्षमता २५० वर गेली. आधीच्या बॅचशी तुलना त्यामुळे गढूळ.

तिसरी, कोविड. या मुलांचं दुसरं वर्ष मोबाइलवर गेलं. पण ते सगळ्याच कॉलेजांत गेलं, त्यामुळे हिची चिंता कमी.

पहिलीवर उपाय एकच सुचतोय, काठावरची तुलना. एकाच प्रदेशातली, एकाच प्रवर्गातली दोन मुलं. एका कॉलेजची यादी एकावर संपली, दुसरा तीन गुणांनी हुकला आणि पुढच्या कॉलेजात गेला. हे दोघं जवळपास तेच. अमेरिकेत बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या प्रवेश परीक्षेच्या शाळांवर असंच काम झालंय. तिथे काठाच्या आतल्या आणि बाहेरच्या मुलांच्या पुढच्या गुणांत फारसा फरक निघाला नव्हता. नावाजलेल्या शाळेत जाऊनही.

आपल्याकडे कॉलेज गुणिले प्रवर्ग गुणिले प्रदेश, एवढ्या रेषा. प्रत्येक रेषेच्या आजूबाजूला चार-पाच मुलं. सगळ्या एकत्र केल्या तर काहीतरी दिसेल.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या जुन्या याद्या आणि पीजीच्या याद्या जुळवायच्या. पहिल्या पानालाच घाम फुटला.

यूजीच्या यादीत नाव, नीटची रँक, प्रवर्ग, कॉलेजचा कोड. पीजीच्या राज्य यादीत नाव आहे. क्रमांक वेगळे, जुळवायला हातात फक्त नाव. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. एका पानावर पाटील इतके, की मी पेन्सिलने खुणा करायला लागले. ‘एस’च्या ऐवजी ‘एसएच’, ‘व्ही’च्या ऐवजी ‘डब्ल्यू’. ती मुलं शोधून काढता येतात. अडतात त्या मुली. काहींचं मधल्या काळात लग्न झालं, आडनाव बदललं, मधलं नावही बदललं. यादीत ती मुलगी दोन वेगळ्या बाया होऊन बसते आणि जुळत नाही.

याचा अर्थ जुळलेल्या यादीत मुलं जास्त, मुली कमी. आणि लग्न झालेल्या मुलींनी इंटर्नशिपमध्ये अभ्यास कसा केला हा तर माझ्या प्रश्नाचाच भाग. ज्यांच्याबद्दल विचारायचं त्याच गळणार.

वरून, राज्याच्या यादीत फक्त राज्यातून सीट मागणारे. ऑल इंडिया कोट्याच्या यादीत एमसीसी, म्हणजे त्या कोट्याचे प्रवेश करणारी केंद्राची समिती, रँक देते, नाव देत नाही. दिल्ली-चंदीगडला गेलेला आमचा हुशार मुलगा माझ्या यादीत गैरहजर.

याद्या जुळवणं बंद, आता मुलांकडूनच फॉर्म भरून घ्यायचा. आठवडा गेला.

८ ऑक्टोबर, बुधवार

इंटर्नशी बोलले. आमचेच चार, आणि त्यांच्या ओळखीने दोन दुसऱ्या कॉलेजातले. कागदावर काही लिहून घेतलं नाही. फॉर्ममध्ये काय विचारायचं ते कळावं एवढ्यासाठीच.

आमच्या इंटर्नचा दिवस: सकाळी सातला वॉर्ड, ब्लड कलेक्शन, सॅम्पल लॅबमध्ये स्वतः पोचवायचे, रिपोर्ट आणायचे, कॅथेटर, ड्रेसिंग, सोनोग्राफीला पेशंटबरोबर ट्रॉली. मेडिसिनची इमर्जन्सी असेल तर रात्र गेली. एक म्हणाला, “मॅडम, मी जीटी टॉयलेटमध्ये बसून दिली.” जीटी म्हणजे ग्रँड टेस्ट, ॲपवरची साडेतीन तासांची सराव परीक्षा. साडेतीन तास टॉयलेटमध्ये शक्य नाही हे मी बोलले नाही. त्याने तुकड्यातुकड्यात दिली असणार.

दुसऱ्या कॉलेजातला: “आमच्याकडे पेशंटच नसतात. सकाळी सही, मग लायब्ररी.”

म्हणजे जिथे डॉक्टर घडायला चांगली जागा, तिथेच रँकेला कमी वेळ. माझ्या खात्याबद्दलही ऐकलं: “पीएसएमची पोस्टिंग म्हणजे वाचायची पोस्टिंग.” आमच्याच विभागाच्या खुर्चीत बसून ऐकावं लागलं.

शिकवण्याबद्दल विचारलं तर सगळ्यांनी एकाच सुरात ॲपची नावं घेतली. मॅरो, प्रेपलॅडर, डॅम्स. तीच क्यू-बँक (सराव प्रश्नांचा संच) मुंबईत, तीच गोंदियात. फिजिऑलॉजी कॉलेजात कोणी शिकवली ते एकाला पटकन आठवेना. पण एक मुलगी म्हणाली ते टिपून ठेवलंय: “ॲप सगळ्यांकडे असतं मॅडम. आमच्या होस्टेलच्या विंगमध्ये रात्री अकराला कोणीच रील बघत नव्हतं, म्हणून मीपण नाही.” शिक्षक सारखे झाले, पण शेजारी सारखे नाहीत. कॉलेजचा परिणाम शिल्लक असलाच तर तो लेक्चर हॉलपेक्षा होस्टेलच्या त्या विंगमध्ये असावा, असा माझा अंदाज झालाय. फॉर्ममध्ये रूम पार्टनरबद्दल दोन प्रश्न वाढवले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जेआर-२ (दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर) बरोबर वाद. तो म्हणतो, ड्रॉप घेणाऱ्यांना, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा देणाऱ्यांना, वेगळं काढा किंवा अटेम्प्टची संख्या कंट्रोल करा, म्हणजे हिशोबात ती सारखी धरा, नाहीतर तुलना चुकेल.

मी म्हटलं, अटेम्प्ट हा कॉलेजच्या बाहेरचा घटक आहे का, ते आधी बघू. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्षाची बंधपत्रित सेवा, नाहीतर १० लाख दंड. एखादा पीएचसीत मेडिकल ऑफिसर म्हणून बसून अभ्यास करतो, एखादा घरी बसून. कोण ड्रॉप घेऊ शकतो, कधी घेतो, हे कॉलेजवरच अवलंबून आहे. तो मधला दुवा आहे. त्याला कंट्रोल केलं की कॉलेजच्या परिणामाचा एक हात आपणच कापतो.

“पण सर तर म्हणतात, जेवढे जास्त व्हेरिएबल कंट्रोल तेवढं चांगलं.”

सर म्हणतात. ठरलं असं, की दोन्ही तक्ते द्यायचे, आणि मुख्य तक्ता अटेम्प्टला हात न लावता.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. भाचीने विचारलं, कोणतं कॉलेज चांगलं, पीजीच्या दृष्टीने? ती आत्ता अकरावीत आहे. म्हटलं, जिथे झोप नीट होईल ते. आईने डोळे वटारले.

२९ ऑक्टोबर, बुधवार

एथिक्स कमिटी. मला वाटलं होतं फॉर्मच आहे, पाच मिनिटांत होईल. सिनॉप्सिसच्या (अभ्यासाच्या आराखड्याच्या) कोपऱ्यात मी याद्या जुळवण्याचा जुना विचार ‘पर्यायी पद्धत’ म्हणून ठेवला होता. कमिटीवरच्या वकीलबाईंनी तिथेच बोट ठेवलं. याद्या दोन्ही जाहीर आहेत, पण जोडल्यावर जे तयार होतं ते जाहीर आहे का? अमुक मुलगी, अमुक गुणांनी आत आली, अमुक गुणांनी बाहेर पडली, अशी ओळ तिच्या परवानगीशिवाय माझ्या एक्सेलमध्ये का असावी?

उत्तर नव्हतं. तो परिच्छेद खोडून त्यांच्यासमोर सही केली.

आणखी एक सूचना, एका फार्मॅकच्या (औषधशास्त्राच्या) सरांची: फॉर्म निकालानंतर भरून घेतला तर तुमच्या फ्लेक्ससारखंच होईल, चांगल्या रँकवाले भरतील. हे मला स्वतःला सुचायला हवं होतं. २०१९ च्या बॅचवर फॉर्मची छोटी चाचणी, म्हणजे पायलट, घेतली तेव्हा तसंच झालं होतं. ज्यांचं जमलं होतं त्यांनी लिंक पाठवल्यावर तासाभरात भरून दिला, बाकीच्यांना दोनदा आठवण करूनही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

डीनसरांकडे बोलावणं. अडीच महिने झाले, पान कुठे आहे? वही घेऊनच गेले.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, “म्हणजे कॉलेजने काही फरक पडतच नाही असं लिहिणार का तुम्ही?” नाही सर. रँकेत किती फरक पडतो ते अजून मोजलेलं नाही. सीटमध्ये पडतो, ते आत्ताच सांगता येतं. या वर्षी २९ जानेवारीला सुप्रीम कोर्टाने पीजीच्या राज्य कोट्यातलं निवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, पण संस्थेनुसार प्राधान्य मर्यादेत चालेल असं म्हटलं. म्हणजे त्याच रँकवर, एमबीबीएस कुठून केलं यावरून दार उघडं किंवा बंद. रँक न बदलता कॉलेज कामाला येतं ते असं.

हे त्यांना आवडलं. “हे टाका वर.” मी म्हटलं, टाकते, पण ‘निकाल’ या मथळ्याखाली नाही.

मग त्यांनीच विचारलं, इंटर्नच्या ड्युट्यांचं काय? ट्रॉली आणि सॅम्पलसाठी माणसं मिळाली तर रँक सुधारेल का? सांगितलं, सुधारेल की नाही ते माहीत नाही, पण तो प्रश्न फ्लेक्सपेक्षा चांगला आहे. हसले. वर्ग चारच्या रिक्त पदांची फाइल त्यांच्या टेबलावर होतीच, तिच्यावर चहाचा कप ठेवलेला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ठरलेलं: २०१९ ची बॅच हातातून गेली, ती फक्त पायलट. मुख्य अभ्यास २०२० च्या बॅचवर. ते आत्ता इंटर्न आहेत, परीक्षा पुढच्या वर्षी. ७०:३० नसलेली पहिली बॅच, त्यामुळे प्रदेशाचा धागा सुटला. काठावरची तुलना तेवढी उरली. फॉर्म परीक्षेच्या आधी भरायचा: नीट-यूजीचा गुण, कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) कोणत्या राउंडला सीट, आणखी किती गुण असते तर कोणतं कॉलेज मिळालं असतं, सध्याची पोस्टिंग, आठवड्याला वाचायला मिळणारे तास, रूम पार्टनर. आणि निकालानंतर गुण विचारायला फोन करू का, होय की नाही, खाली सही.

तीन कॉलेजांनी होकार दिलाय. एकाने नकार देताना विचारलं, यादीत आमचा नंबर कितवा येईल ते आधी सांगता का.

पहिला गठ्ठा आज आमच्याच इंटर्नकडून आला. गायनॅकच्या एकीने फॉर्म वॉर्डमध्ये भरला असावा, एका कोपऱ्यावर बीटाडिनचा डाग आहे. ‘आठवड्याला वाचायचे तास’ या रकान्यात तिने आधी १० लिहिलंय, ते खोडून ६, तेही खोडून ‘पोस्टिंगवर अवलंबून’. या उत्तराला कोड द्यावा लागेल. ९९, म्हणजे ‘उत्तर नाही’चा कोड, देत नाही, वेगळा ठेवते. असे आणखी येणार.